कप्पे कुठून मोजायचे

आमचे हे बल्कर चालवतात. बल्कर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर लोकांना वाटतं दुधाचा टँकर, आणि मला दुधाचा भाव विचारतात. कोंबड्यांचं दळलेलं खाद्य पोत्याबित्यात न भरता सुटंच्या सुटं गाडीच्या पोटात ओततात. पोटात चार कप्पे. गाडी पोल्ट्रीवर गेली की तिथे घराएवढी उंच लोखंडी कोठी उभी असते, तिला सायलो म्हणतात. ह्यांनी पाइप जोडायचा, हवेचा पंप सुरू करायचा, की खाद्य सरसर चढून कोठीत पडतं. सगळं झाकलेलं, सगळं बंद. लोकांना शेतातला मका दिसतो आणि ताटातलं अंडं दिसतं. मधला सगळा कारभार ह्या गाडीच्या पोटात चालतो, आणि त्याची चौकशी कोणी करत नाही.

माणूस म्हणाल तर नाकासमोर चालणारा. पण एक खोड आहे, कशालाच धड हो नाही की नाही नाही. चहा घेणार का? बघू. पंखा दुरुस्त करायचा का? बघू. आमच्या लग्नाच्या बोलणीतही ‘बघू’ म्हणाले होते. माझ्या वडिलांनी तोच होकार धरला आणि हॉल बुक करून मोकळे झाले. मात्र गाडीवर बसले की हाच माणूस वेगळा. एवढं लांबडं धूड अरुंद गल्लीतून उलटं नेऊन सायलोखाली असं उभं करतात, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. तिथे एकदाही ‘बघू’ नाही.

घोळ झाला तो कप्पे मोजण्यावरून. खाद्याच्या मिलमधून जी चिठ्ठी मिळते तिच्यावर कोणतं खाद्य कोणत्या कप्प्यात ते नुसत्या आकड्याने लिहिलेलं असतं. हे केबिनमध्ये बसतात, म्हणून केबिनला चिकटलेला कप्पा ह्यांचा पहिला आणि शेपटाकडचा चौथा. मिलमध्ये गाडी भरणारे जुने काकाही तसंच मोजायचे. ते निवृत्त झाले आणि नवा भरणारा आला. गाडीची शिडी मागे असते. नवा मागून चढतो, म्हणून त्याचा पहिला कप्पा म्हणजे शेपटाकडचा. झालं, जुंपली दोघांची. हे घरी येऊन पाटावर चार चमचे मांडून मला समजावत बसले. मी म्हटलं, “अहो, रंगाचा डबा घ्या आणि कप्प्यांवर आकडे घाला.” तर म्हणाले, बघू.

भांडण चालू राहिलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान माणूस आपल्या जागेवर तरी असतो. ह्यांच्या मनात आलं, नवा माणूस आहे, कशाला उगाच, त्याच्यासारखं मोजू. तिकडे नव्याच्या मनात आलं, वयाने मोठे आहेत, त्यांच्यासारखं भरू. दोघांनीही मोठेपणा घेतला आणि दोघांनीही तो एकमेकांना सांगितला नाही. पण हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला फक्त अर्धंच माहीत होतं, ह्यांच्या बाजूचं.

त्या दिवशी गाडीत दोन ठिकाणचा माल होता. एका टोकाच्या कप्प्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या पिल्लांचं खाद्य, दुसऱ्या टोकाला एका म्हातारबाबांच्या अंड्यांच्या कोंबड्यांचं. ह्या दोन खाद्यांत जमीन-अस्मानाचा फरक. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून मोठ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुनखडीचा जाडसर चुरा घालतात. ते पिल्लांना दिलं तर त्यांची मूत्रपिंडं कामातून जातात.

आणि धाकटीचं सगळं त्या पिल्लांवर होतं. तिचा नवरा जहाजावर, घरात सासरे आणि दीर. तिने हट्टाने शेड घातली, ही तिची पहिलीच पिल्लं. सासऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं, ही पिल्लं दगावली तर शेड गोदामाला भाड्याने द्यायची आणि तू गप घरात बसायचं. ती उशीसुद्धा शेडमध्येच घेऊन गेली होती.

हे सकाळी आधी तिच्याकडे माल उतरवून मग म्हातारबाबांकडे गेले, गाडी मिलच्या आवारात लावली आणि दुपारी घरी जेवायला आले. ताट वाढलं तर हात लावेनात. ताटाकडे बघत म्हणाले, “मी आज मागून मोजले.”

“कशासाठी?”

“नवा मागून मोजतो ना. पण त्याने समजा आज पुढून मोजून भरलं असेल, तर?”

“तो कशाला पुढून मोजेल?”

“मी पुढून मोजतो म्हणून.”

“पण तुम्ही तर मागून मोजलेत.”

“ते त्याला कुठे माहीत आहे?”

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. चमचे परत पाटावर आले. मी एकदा पुढून मोजले, एकदा मागून, एकदा नवा भरणारा होऊन, एकदा हे होऊन. दर वेळी पिल्लांचा चमचा वेगळ्याच जागी. शेवटी कंटाळून सगळे मोरीत टाकले.

“धाकटीला फोन करा,” मी म्हटलं.

“आणि खाद्य बरोबर असलं तर? एवढीशी पिल्लं उगाच उपाशी ठेवायची?”

“मग त्या नव्याला विचारा.”

“फोन बंद लागतोय त्याचा.”

“मग मिलला करा.”

ह्यावर ह्यांनी फोन उलटा करून पाटाखाली सरकवला. मला कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. मागे एका ड्रायव्हरकडून माल उलटसुलट झाला होता, तर मिलने त्याच दिवशी त्याच्याकडून गाडी काढून घेतली होती. मी म्हटलं, “मग करायचं तरी काय?” तर हे म्हणाले, बघू.

त्या बघूवर माझा पारा असा चढला की सांगता सोय नाही. म्हटलं, बघायचंच आहे ना, चला, जाऊन बघू. जेवण तसंच झाकलं आणि स्कूटर काढायला लावली. वाटेतही ह्यांचं पुढून-मागून सुरूच होतं. सिग्नलला थांबलो की एक बोट वर, एक बोट खाली. मागचा रिक्षावाला हॉर्न मारून दमला. मला खरंच काही कळत नव्हतं. नेमकं कशाला घाबरायचं तेही ठरत नव्हतं.

शेडचं दार उघडं होतं. धाकटी भुशात गुडघे टेकून बसली होती आणि पिल्लांपुढच्या ताटल्या एकेक करून बादलीत रिकाम्या करत होती. बाजूला शेजारच्या पोल्ट्रीवरून आणलेलं एक अर्धं पोतं. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. आम्हाला बघून ती उठली नाही.

“ताई, त्या कोपऱ्यातल्या ताटल्या आण गं,” एवढंच म्हणाली.

मी आणल्या. ताटलीत पांढरे खडे होते, आंधळ्यालाही दिसले असते. मी विचारलं, “कधी लक्षात आलं तुझ्या?”

“भाऊजी गेटातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात.”

“मग फोन का नाही केलास?”

“कोणाला करू? मिलला केला असता तर भाऊजींची गाडी गेली असती. भाऊजींना केला असता तर ते घाबरून मिललाच कळवणार.” तिने हात झटकले आणि पहिल्यांदाच ह्यांच्याकडे पाहिलं. “पिल्लांनी फार खाल्लं नाहीये बहुतेक. किती जगतील ते दोन-चार दिवसांत कळेल. पण भाऊजी, तुम्ही का नाही केला फोन?”

“मला कळत नव्हतं गं,” हे म्हणाले. “पुढून की मागून, तेच...”

आणि थांबले. एक पिल्लू त्यांच्या बुटाच्या नाडीला चोच मारत होतं. ह्यांनी वाकून ते अलगद बाजूला ठेवलं. मी वाट पाहत होते की आता परत बोटं वर-खाली होणार.

“नाही,” हे म्हणाले. “कळलं होतं. म्हातारबाबांकडे पाइप काढताना थोडं खाली सांडलं, ते मी चिमटीत घेऊन पाहिलं होतं. त्यात खडा नव्हता.”

म्हणजे चमचे, सिग्नल, ती सगळी दुपार नुसतं सोंग. मला इतका राग आला की रडूच आलं, आणि धाकटीपुढे ते आवरेना. तिने पुढची ताटली उचलली.

ह्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्या समोरच उभं राहून मिलला लावला. पलीकडून मॅनेजर काहीतरी विचारत होते, कोणता कप्पा, कोणी भरला, भरणाऱ्याचं नाव काय. हे मधेच त्यांना तोडत म्हणाले, “साहेब, माझ्या हातून झालंय आणि मला सकाळीच कळलं होतं. गाडीचं काय करायचं ते करा. आधी पिल्लांचं खाद्य पाठवा.”