नानांचा भांग आणि देवाचा कौल

देवळातल्या गोष्टी निर्माल्यासारख्या असतात. रोज टोपली रिकामी करा, दुसऱ्या दिवशी भरलेलीच! आणि देवळातले कार्यक्रम लाइव्ह दाखवणारी टीम दहावी-अकरावीतल्या पोरांची असेल, तर टोपलीही पुरत नाही.

गोव्यातल्या हळर्णच्या अलीकडचं आमचं गाव. देवस्थानच्या कमिटीचे अध्यक्ष नाना एक दिवस अंगणात येऊन म्हणाले, "बाय, तू कंप्युटर शिकलंस मां? मगे पोरांच्या टीमवर तू लक्ष ठेव."

गॅस बंद केला की नाही ते बघायला गेटवरून दोनदा परत फिरणारी बाई मी. माझ्यावर लक्ष ठेवायला घरात सासूबाई आहेत. पण "जमणार नाही" म्हणायलाही धीर लागतो, तोही नव्हता.

जाता जाता नानांनी बजावलं, "पोरांक जमला नाय, तर म्हापशाचो व्हिडिओवालो आणूया." हा व्हिडिओवाला निव्वळ योगायोगाने त्यांचा भाचा होता.

*

टीम म्हणजे दोघंच. आवाजाला सोहम, कॅमेऱ्याला मिताली.

मिताली शाळेत हजेरीलासुद्धा कुजबुजत "प्रेझेंट" म्हणणारी मुलगी. पहिल्याच दिवशी तिने हेडफोन चढवला, मागे वळली आणि कमिटीच्या सात थोर पुरुषांना म्हणाली, "सायलेन्स प्लीज!"

सगळे गप्प! गेली कित्येक वर्षं कमिटीच्या मीटिंगला जे जमलं नव्हतं, ते झालं. तिची आई खांबाआड उभी होती. नंतर माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, हिला इथून काढू नका हं." मी लगेच "नाही काढणार" म्हणून बसले.

*

माझं मार्गदर्शन पहिल्या दिवसापासूनच मोलाचं होतं.

"हात पुसा आधी! ओल्या हाताने माइकच्या वायरला हात लावू नका!" मी कडेवरचं पोर सांभाळत ओरडले.

सोहम म्हणाला, "काकी, वायर खंय आसा? वायरलेस आसा तो."

*

त्याच वायरलेस माइकचा पराक्रम. सोहमने तो भटजींच्या उपरण्याला लावला. आरतीच्या आधी भटजी पाय मोकळे करायला मागल्या दारी गेले. माइकही अर्थातच बरोबर गेला.

मंडपातल्या चारही स्पीकरमधून भटजींचा स्वच्छ आवाज आला, "आज नाना घंटा बडवायची सोडतील तेव्हा खरं. तेवढ्यात देवाची एक झोप होते!"

नाना घंटेची दोरी धरूनच उभे होते.

दोष कोणाचा? छे, भटजींचा कसा? सोहमचा! "व्हिडिओवाल्याक फोन लावतंय," नाना म्हणाले. मी हातापाया पडून तो फोन थांबवला.

*

जत्रेला पालखी निघाली आणि ऐन वेळी मिताली पाणी प्यायला गेली. कॅमेरा सोहमकडे. सोहमचा उपवास. पालखी उजवीकडे वळली, कॅमेरा डावीकडे, थेट खाज्यांच्या दुकानावर! तिथेच झूम!

खाली कमेंट धडाधड. वास्कोहून कोणीतरी विचारलं, "आल्याचं खाजं आहे काय? आमच्यासाठी ठेवा!"

त्या रात्रीइतके प्रेक्षक आमच्या देवाला आजवर मिळालेले नाहीत. नानांनी मात्र दुसरी ताकीद दिली.

*

मग नानांचं लाइव्ह भाषण. समोरच्या टीव्हीवर स्वतःला बघून ते दुसऱ्याच वाक्याला थांबले.

"माझो भांग ह्या बाजूक कसो?"

मितालीने समजावलं, "नाना, आरशात आपण उलटे दिसतो. लोकांना तुम्ही असेच दिसता."

"साठ वर्सां आरशात बघतंय! आजच उलटो झालंय?"

मितालीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने 'मिरर'चं बटण दाबलं, चित्राची उजवी बाजू डावी झाली, नानांचा भांग घरी परतला.

तेव्हापासून मिरर चालूच. भिंतीवरच्या सूचना लाइव्हवर उलट्या दिसायच्या, पण त्या सुलट्या होत्या तेव्हा तरी कोण वाचत होतं?

*

शेवटी नानांनी विषय देवावर सोपवला. आमच्याकडे असं काही अडलं की कौल लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न एकच: टीम पोरांकडे ठेवायची का?

नाना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वास्कोला मुलीकडे. "मी लाइव्हवर बघतंय," त्यांनी फोनवर कळवलं. गाव मंडपात, टीव्हीसमोर. गाभाऱ्यात भटजी, दारात कॅमेऱ्यामागे मिताली, तिच्या खांद्याशी मी. फोन स्पीकरवर.

गाऱ्हाणं संपलं. मितालीचा श्वास मला ऐकू येत होता.

पाकळी पडली. डावी.

मितालीने हेडफोन काढून हातात घेतला. आणि बाहेर मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला!

"उजवो!" फोनमधून नाना गरजले. "देवान उजवो कौल दिल्यान! पोरांकच ठेवा! देवापुढे आमचा काय चलता?"

भटजींनी खाली पडलेल्या पाकळीकडे बघितलं. मग मितालीकडे. मग उपरण्यावरचा माइक मुठीत गच्च धरून त्यांनी शांतपणे तीर्थाची पळी उचलली.

मिताली माझ्या कानाशी आली. "काकी, मिरर काढू?"

"थांब," मी म्हटलं. "आधी तीर्थ वाटून होऊ दे."