"आजीले बालटीच बरी" म्हणणारा टबवाला

मंडळी, आज सकाळी चंद्रपूरचा, बाथटबचं दुकान असलेला एक टबवाला पोंभुर्ण्याच्या आमच्या घरी येऊन गेला. अजून डोकं तापलेलं आहे.

बाबांनी एका ठेकेदाराच्या मोडक्या बंगल्यातून आणलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा टब आहे आमचा. गुडघेदुखीमुळे आई रोज त्यात गरम पाण्यात बसते. आतला पांढरा थर आता उडालाय, तिची कातडी खरचटते. नवा कोट द्यायचा की टबच बदलायचा, एवढंच ठरवायचं होतं.

टबवाल्या साहेबांनी दारातूनच निकाल दिला. "भंगार आहे मॅडम, फेका." मग मोबाईलवर रंगीत दिव्यांचे टब दाखवत बसले.

आईनं विचारलं, "भाऊ, याची भिंत किती उंच हाय? माहा पाय चढन का नाई?"

त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मलाच म्हणाला, "आजीले टब काऊन पाहिजे? आजीले बालटीच बरी."

लाज याची वाटते, की मी क्षणभर गप्प राहिले. आई नाही राहिली. "तुह्या दिव्याच्या टबात तूच बस जाऊन," म्हणाली आणि त्याला दार दाखवलं.

दुपारी गोंडपिपरीचा कोटिंगवाला आला. त्यानं आधी आईला कोरड्या टबात बसवलं, कुठं टोचते ते विचारलं. "टब मजबूत हाय बाई. घासून कोट मारतो. चार दिवस पानी नका टाकू." काम त्यालाच दिलं.

म्हातारं माणूस समोर बसलेलं असताना त्याच्याबद्दल दुसऱ्याशीच बोलणारे हे लोक दुकान कशाला उघडतात? तुमच्या घरी असा कोणी आला, तेव्हा तुम्ही लगेच बोललात, की माझ्यासारखे गप्प राहिलात?