सुतारमामाचा अंगठा

आमचा मामा हाडाचा सुतार. अंगठ्यात लाकडाची कपची घुसली, तर या पठ्ठ्यानं ती स्वतःच उपटली आणि फळीची भेग बुजवावी तशी जखम सरस आणि भुसा घालून बुजवली. चार दिवसांत अंगठा वांग्यासारखा फुगला. अंगठा गेला तर रंधा धरायचा कशानं? शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला.

"काय ही घाण!" मामा म्हणाला.

तिथं तपासणीच्या खोलीत त्याची लेकच कामाला. ती म्हणाली, "घाण कसली, बाबा? तुमच्यासाठी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी आहेत त्या."

तिनं सूक्ष्मदर्शकाखाली एक जिवंत पेशी दाखवली. ती जंतूंकडे सरपटत चालली होती.

"हिला ना डोळे, ना नाक. वाट कशी सापडते?"

"जंतूंमधून रसायन झिरपतं. ते ज्या अंगाला दाट लागेल, त्या अंगाला ती पाय टाकते."

"म्हणजे वासावरून लाकूड ओळखणाऱ्या माझ्याच घराण्यातली म्हण की!"

"हो, पण ती जखमेत सरस भरत नाही."

अंगठा वाचला. आता रंधा उचलण्याआधी मामा रोज अंगठ्याकडे बघून म्हणतो, "पोरींनो, तुमच्या जिवावर चाललंय बरं!" आणि सरसाचं भांडं जरा लांब सारतो.