गाडीपण गासोलेरो

आमच्या तांदील गावात डिझेलवर चालणाऱ्या गाडीला गासोलेरो म्हणतात. आणि चमडी जाईल पण दमडी जाणार नाही अशा माणसालाही गासोलेरोच म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीचा, देल्माचा नवरा नासारेनो, म्हणजे आमचे दाजी, यांच्या घरी दोन्ही नांदत होते. गाडी अंगणात आणि माणूस स्वयंपाकघरात.

दाजींची उमर दगडाच्या खाणीत गेली. माते, म्हणजे आमच्याकडचा चहासारखा काढा, पिऊन झाल्यावर उरलेली पत्ती ते पत्र्यावर पसरून उन्हात वाळवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भरत. चव कसली, नुसतं गरम पाणी! पण त्याच काटकसरीवर त्यांनी घर उभं केलं आणि मुलीला, मेलिनाला, परिचारिकेचं शिक्षण दिलं, हे बोलणारे विसरत. कोपऱ्यावरच्या दुकानातून हाक यायची, "काय गासोलेरो, आज पत्ती वाळली का?" दाजी हात वर करून हसत. घरी आल्यावर मात्र देल्माला विचारत, "मी खरंच एवढा चिक्कट आहे का गं?" ती म्हणे, "आहात. जेवा आता."

गाडीची बॅटरी म्हातारी झाली होती. दाजी गाडी कायम उतारावर तोंड करून लावायचे. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा. उतारावर जमलं नाही तर "ओफेलिया!" अशी हाक यायची आणि मी समोरच्या घरातून चपला फटफटवत धक्का मारायला हजर. शिव्या देत मारायचे, पण मारायचे.

मेलिनाचं लग्न ठरलं. नोंदणी कार्यालयात जायचं ते बाबांच्याच गाडीतून, असा तिनं हट्ट धरला. दाजी दोन दिवस नुसते गाडी पुसत होते. "या वेळी धक्का नाही," त्यांनी मला बजावलं. "माझी मुलगी धक्क्यानं जाणार नाही. नवी बॅटरी आणतोय. चांगल्यातली."

त्याच दिवशी जुन्या बॅटरीनं पार मान टाकली. मग मुलाचे वडील आन्सेल्मो आपली मोठी गाडी घेऊन आले आणि व्याही-व्याही बॅटरीच्या दुकानात गेले. भाव कळावा म्हणून मीपण मागे चढले. माझी खोड.

दुकानात गर्दी होती. काउंटरवर नवीन आलेली एक बाई. दाजींनी गाडीचं नाव सांगितलं. ही गाडी पेट्रोलचीही येते आणि डिझेलचीही. बाईनं मान वर न करता विचारलं, "गासोलेरो?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्याला दाजी माहीत असणार. आन्सेल्मोही गालात हसले. दाजींचे कान लाल झाले. व्याह्यांसमोर, परक्या बाईच्या तोंडून!

"मुळीच नाही," दाजी ठणकावून म्हणाले. "आणि दुकानातली सगळ्यात भारी द्या."

बाईनं पेट्रोलच्या गाडीची सगळ्यात भारी बॅटरी दिली. तिचं काय चुकलं? मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मीही गप्प.

घरी आल्यावर दाजींनी ती स्वतःच बसवली. ती गाडीतल्या खोक्यात डुगडुगत होती, म्हणून बाजूला लाकडाचा तुकडा ठोकला.

देल्मा म्हणाली, "अहो, ही लहान दिसतेय."

"नवीन बॅटऱ्या लहानच असतात. जग पुढे गेलंय."

दुपारच्या उन्हात गाडी एका फटक्यात सुरू झाली. दाजींनी ती ऐटीत अंगणात, सपाट जागी, चढाकडे तोंड करून लावली. फिती बांधायला बरं पडतं म्हणाले. उताराची गरजच काय आता?

आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन थंडी. लग्नाच्या सकाळी काचांवर बर्फाचा पापुद्रा होता. मेलिना पांढरा कोट घालून मागे बसली. बाकीचे सगळे पुढे गेले होते. देल्मा, मी आणि वरात न्यायला आलेले आन्सेल्मो तेवढे उरलो. दाजींनी किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली. पुन्हा फिरवली, अर्धंच कण्हली. मग नुसतं टक् टक्.

मी सवयीनं मागे जाऊन हात लावले. पण पुढे चढ. ती कुठली हलतेय!

आन्सेल्मोंनी बॉनेट उघडून बॅटरीवरची चिठ्ठी वाचली. "अहो व्याही, ही तर पेट्रोलच्या गाडीची! थंडीत डिझेलचं इंजिन हिच्यानं कसं फिरणार? त्या बाईनं तुम्हाला विचारलं होतं ना, गासोलेरो का म्हणून?" आणि मग त्यांना सगळं उमगलं. बिचाऱ्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. मलाही हसू आलं. पण दाजींचा चेहरा पाहिला आणि मी तोंड फिरवलं. इतका शरमलेला माणूस मी आजवर पाहिला नाही.

"माझ्या बॅटरीवरून तार लावून सुरू करू," आन्सेल्मो म्हणाले.

"शोधाल कुठे? वेळ नाही," दाजी खाली बघत म्हणाले. "मेलिना, तू यांच्या गाडीतून जा."

"बाबा, तुम्हीपण चला."

"मी येतो मागून."

ते चालत आले. आम्ही पोचलो, सह्या झाल्या, सगळे बाहेर येऊन नवरा-नवरीवर तांदूळ उधळून मोकळे झाले, तेव्हा दाजी कोपऱ्यावरून वळले. देल्मानं सकाळी दिलेली तांदळाची पुडी तशीच मुठीत होती.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बघा, गासोलेरोनं तांदूळसुद्धा वाचवले!"

काय हशा पिकला! मला त्या माणसाच्या मुस्कटात मारावीशी वाटली. दाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मूठ खिशात घातली. मेलिना पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेली, त्यांचा हात खिशातून काढला आणि मुठीतले तांदूळ स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतले. दाजींनी तिच्याकडे वर मान करून पाहिलंच नाही. तिच्या कोटाच्या खांद्यावरचे दाणे तेवढे बोटांनी झटकत राहिले.

सोमवारी ते पुन्हा त्या दुकानात गेले. या वेळीही मी सोबत होते, पण भावासाठी नाही. दुकानात तशीच गर्दी. मागे ओळखीचे चेहरे. दाजींनी बॅटरी काउंटरवर ठेवली आणि गाडीचं नाव सांगितलं. बाईनं मान वर न करता विचारलं, "गासोलेरो?"

दाजींनी डोक्यावरची टोपी काढली.

"हो," ते म्हणाले. "गाडीपण."