गुलाबभाऊंची पाणबुडी आणि आमची गोड विहीर

मलकापूरचे रेडिओ दुरुस्तीवाले गुलाबभाऊ कुठल्याही गावाला गेले की आधी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखत आणि चव वहीत टिपून ठेवत. तहान म्हणून नव्हे. त्यांनी हातभर लांबीची पत्र्याची पाणबुडी केली होती. ती बिनतारी लहरींच्या हुकुमाने बुडे आणि वर येई. पाणी जितकं खारं, तितकी लहर वरच्यावर विरते, असं ते सांगत. लोक त्यांना अर्धवट म्हणत. नवसाला कोंबडं कापणारे लोक! मी विज्ञानप्रचाराची पत्रकं काढत असे. खरं सांगायचं तर मलाही ते अर्धवटच वाटत, पण कामाचे.

लहरीची पट्टी निवडण्यात त्यांची दोन वर्षं गेली. उंच पट्टी म्हणजे प्रगती, असं मी ठणकावून सांगितलं. ते तारांना डाख देता देता धुरातून हसले. "उंच पट्टीवाला वरच्यावर चिरकते बे बाबू, तुया पत्रकावानी. तळाले पोचाचं त पट्टी खालची पाह्यजे." शेवटी सत्तावीस मेगासायकलच्या पट्टीवर त्यांचं मन बसलं. आणखी खाली जायचं तर लहर पकडणारी तार इतकी लांब लागली असती, की पाणबुडीला शेपूट फुटलं असतं.

मी माझ्या गावी, वरवट बकालला, पायऱ्यांच्या विहिरीत प्रयोग ठेवला. 'मंत्र नव्हे, तंत्र!' असं पत्रक छापलं. गुलाबभाऊंनी कार्ड टाकलं, "पानी कसं हाये?" मी उलट टपाली कळवलं, "गोड. जन्मापासून, वीस वर्षं तेच पितो." त्या दिवशी ते ओंजळ भरायला वाकले, तर मीच त्यांचा हात धरला. "भाऊ, अख्खं गाव खोळंबलंय. चाखता काय?"

पाणबुडी बुडाली. टाळ्या पडल्या. गुलाबभाऊंनी वर आणायची कळ दाबली. पुन्हा दाबली. पाण्यावर एक बुडबुडा आला.

"मेली काय वं ते?" एका म्हातारीने शेजारणीला विचारलं.

"पत्रकवाल्याले सोडा खाली, तो आनते!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी विहीर हसली.

गुलाबभाऊंनी घोट घेतला आणि थुंकला. "हे गोड हाये?"

"आमच्याकडे ह्यालाच गोड म्हणतात," मी म्हणालो. "खारं ते पलीकडच्या विहिरीचं. त्यात डाळसुद्धा शिजत नाही."

गळ टाकून पाणबुडी काढली, तेव्हा आतलं यंत्र भिजून निकामी झालं होतं. मी माफी मागू लागलो, तर माणूस पहिल्यांदाच भडकला. "पानबुडीसाठी काऊन रडून राह्यला बे? ज्या पान्यात लहर दोन हात जात नाई, ते तुमी लेकरायले पाजून राह्यले. अन् वरून गोड म्हंता! याच्यावर काहाड पत्रक."

काढलं. ते घेऊन आम्ही दोघं तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "तिकडच्या लोकांना त्या पाण्याची सवय असते." मी टेबलावर मूठ आपटणार, तोच गुलाबभाऊंनी पिशवीतून आमच्या विहिरीच्या पाण्याची बाटली काढली आणि साहेबांचा पेला भरला.

"घ्या साहेब. गोड हाये म्हंतेत."

साहेबांनी घोट घेतला आणि ते रुमाल शोधू लागले.

"पाय बाबू," गुलाबभाऊ म्हणाले, "साहेबाले एका घोटात समजलं. तुले वीस वर्सं लागली."