पोकर शिकवलं तो श्रावण

छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिपोर्टला आठ दिवस लागतील. आठ दिवस! पोळ्या तव्यावर करपायच्या, आणि कोणी “काय झालं?” विचारलं की मी खेकसायचे. ह्यांनी विचारलं तर जास्तच.

त्यात श्रावण. बडोद्यात श्रावण लागला की सातम-आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमाराच्या, पत्त्यांचे वेध लागतात. ह्यांचं टोळकं हल्ली तीनपत्ती सोडून पोकर खेळतं. हातात दोन पत्ते, मधे उघडे पाच, त्यातून ज्याचे पाच भारी जमले तो जिंकला. आणि दर सातमला सगळ्यांत आधी साफ होऊन कोण घरी येणार? आमचे हे. म्हटलं, नाहीतरी जीव टांगणीला लागलाय, तेवढ्यात ह्यांना शहाणं करून टाकू. दांडिया बाजारातलं माझं माहेर पिढीजात कारकुनांचं, पत्ते आम्हाला बाळकडूतच मिळालेत.

रोज संध्याकाळी चिंचोके लावून बसायचो.

“टाका ते पत्ते,” मी म्हणायचे. “दुर्री आणि सत्ती घेऊन कुठे निघालात?”

“आमच्या घराण्यात पाठ दाखवत नाहीत.”

ह्यांचे पूर्वज बडोदा संस्थानच्या फौजेत होते ना! वाडी भागातल्या त्यांच्या जुन्या घरी दसऱ्याला अजून तलवार पुजतात. मी म्हटलं, “ती तलवार ठेवा खुंटीला. नवशिक्याने वाईट पत्ते मुकाट्याने टाकायला शिकावं, निम्मा खेळ तिथेच जमतो. आणि आपली पाळी शेवटी असेल तेव्हाच जरा जोर करा, तोवर बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं.” कुरकुरत का होईना, शिकले.

खरं दुखणं कानाचं होतं. हातात काही नसताना थाप मारायची झाली की ह्यांचा हात कानाच्या पाळीकडे जायचा. सव्वीस वर्षांच्या संसारातल्या सगळ्या थापा मी त्या पाळीवरूनच पकडल्या होत्या. मीच उपाय सांगितला. “थाप मारायची असली की चहाचा कप धरत जा. दोन्ही हातांनी. म्हणजे हात कुठे जाणार नाही.”

सहाव्या दिवशी ह्यांनी कप धरून मला असं फसवलं की माझे सगळे चिंचोके गेले. अगं बाई, कसली हसले मी! मग गाठ आठवली आणि मी पत्ते आवरले.

सातमला आमच्याकडे शेगडी पेटत नाही. गुजराती शेजारणींचं बघून सासूबाईंनी धरलेली रीत ती. आदल्या दिवशी बाजरी-मेथीची ढेबरी थापून-तळून ठेवायची, शेगडी पुसून हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर गार खायचं. त्याच सकाळी फोन आला, रिपोर्ट तयार आहे. “खेळून येताना मी आणतो,” हे म्हणाले. दुपारभर मी दाराशी येरझाऱ्या घालत होते.

पाचच्या सुमाराला हे आले. “जिंकलो! सगळ्यांना साफ केलं.”

“आणि रिपोर्ट?”

“आणला. काही नाही त्यात. उद्या डॉक्टरांना दाखवू.”

चेहरा शांत होता, आवाज सरळ. कानाकडे हात गेला नाही. मला एकदम रडूच फुटलं. देवापुढे साखर ठेवायला आत गेले, हात जोडले आणि बाहेर आले.

हे टेबलाशी बसले होते. ओट्यावर पालथा ठेवलेला कप उचलून आणला होता आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

सकाळपासून घरात शेगडी पेटली नव्हती. कप कोरडा होता.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. “अहो,” मी म्हटलं, “दाखवा पत्ते.”

बराच वेळ त्यांनी कप सोडला नाही. मग खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला, आणि कानाची पाळी धरून ढसाढसा रडले.

“हे पत्ते टाकायचे नाहीत हं,” ते म्हणाले. “आमच्या घराण्यात पाठ दाखवत नाहीत.”

मी कागदाची घडी उलगडली आणि तो दोघांच्या मधे उघडा ठेवला.