उजवीकडच्या दोन जागा

रोझविटाचा जन्म बार्जवरचा. ऱ्हाईन नदीवर कोळसा, वाळू, धान्य वाहणाऱ्या लांबलचक बार्जच्या मागच्या टोकाला दोन खोल्यांचं घर असतं, खिडकीला पडदे आणि पडद्याआड जिरेनियमची कुंडी. तसल्या घरात ती रांगली, आणि लग्न झालं तेही बार्जवाल्याशीच. बेडकाची उडी डबक्यापर्यंत. फोल्कमार सुकाणू धरायचा, ती दोर फेकायची, भांडी घासायची, चादरी वाळत घालायची.

नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे धावते. संध्याकाळी गाडीच्या खिडक्यांत दिवे लागले की ती हातातलं काम सोडून हात हलवायची. आतून कोणी उलट हात करतं का, ते कधीच दिसलं नाही. उजेडाची ओळ सरकत जायची, आणि तिला वाटायचं, त्या उजेडात एक जागा आपलीही आहे.

"भुतांना हात करतेयस की काय?" फोल्कमार वरून विचारायचा.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तशी त्यांनी बार्ज विकली आणि दोघं नदीकाठच्या बोपार्ड गावी घर घेऊन राहिली. आता एकदाच मोठा प्रवास करायचा ठरलं, आणि तिथंच घोडं अडलं. त्याला क्रूझ हवी होती, डॅन्यूब नदीवरून पासाऊ ते बुडापेस्ट. तिला रेल्वे हवी होती. बाझेल, मग आल्प्स ओलांडून पार इटली, वाटेल तिथं उतरत.

"बॅगा ओढत गाड्या बदलायचं वय आहे का आपलं?" तो म्हणाला. "जन्मभर सुकाणू धरलं. आता दुसऱ्या कुणीतरी धरावं, मी बिअर पीत बसतो."

"तू बसशील? पहिल्याच वळणावर वर जाऊन त्या कप्तानाला शिकवायला लागशील."

शेजारची गुंडुला कॉफीला आली होती. केकचा शेवटचा तुकडा उचलत ती म्हणाली, "अगं, क्रूझवर तिन्ही त्रिकाळ आयतं ताट समोर येतं. अजून काय हवं तुला?"

"जमीन," रोझविटा म्हणाली.

यावर कोणी हसलं नाही. कुठं जायचं, हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. नदी नेईल तिकडे ती गेली होती. याही वेळी नदीच असेल, तर ती उजेडातली जागा राहूनच जाणार. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

फोल्कमार बराच वेळ बशीतले केकचे कण बोटानं टिपत राहिला. दुसऱ्या दिवशी टोपी चढवून एकटाच स्टेशनवर गेला आणि तिकिटं घेऊन आला.

"उजवीकडच्या दोन जागा," तो ऐटीत म्हणाला. "नदीच्या बाजूच्या. सोडून चाललीयस, तर तिचा नीट निरोप तरी घे."

कोब्लेंझला दोघं दुपारच्या गाडीत बसली. गाडी सुटली, आणि खिडकीबाहेर नदी नव्हतीच. डोंगर होता, अगदी अंगावर आलेला. बार्जवाली माणसं डावं-उजवं ठरवतात ते पाणी वाहतं तिकडे तोंड करून. बोट कुठंही चालली असो, उजवा काठ तो उजवाच. त्या हिशेबानं नदी रुळांच्या उजवीकडेच होती, पण ही गाडी चालली होती पाण्याच्या उलट. अख्खं आयुष्य नदीत काढलेल्या माणसानं नेमकी इथं माती खाल्ली होती.

फोल्कमार कानापर्यंत लाल झाला. "पलीकडच्यांना विचारतो, जागा बदलता का म्हणून."

"गप बस, कप्तान."

पाण्यावरून तिनं या गावांची तोंडं तेवढी पाहिली होती. आता पाठी दिसत होत्या. कोंबड्यांचं खुराडं, मोडकी सायकल, नुसत्या बनियनमध्ये पायरीवर बसून बटाटे सोलणारा माणूस. ती बघतच राहिली. ऊन डोंगरामागे गेलं, उतार सावलीत बुडाला, आणि खिडकीच्या काचेचा आरसा झाला. पलीकडच्या खिडकीतली नदी त्यात उतरली. द्राक्षमळ्यांमधून पाणी वाहू लागलं. वेलींच्या रांगांतून एक बार्ज संथपणे चालली होती, मागे दोरीवर चादरी, चादरींपाशी एक बाई. त्या बाईनं हात वर केला.

रोझविटानं काचेकडे बघत हात हलवला, जोरजोरात, डब्यातली माणसं बघत असताना.

"तिला दिसणार नाही, रोझी," फोल्कमार हळूच म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला तरी गाडीतला हात कुठं दिसायचा?"

फोल्कमारनं टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि तोही हात हलवू लागला.